कृष्णाकाठाने सावकाश : धोमपासून माहुलीपर्यंतच्या सोप्या पायवाटा

वाईच्या ढोल्या गणपतीसमोर उभे राहून हात जोडणारे हजारो असतात. देवळाला वळसा घालून नदीच्या बाजूने त्याची पाठभिंत पाहणारे मात्र मोजकेच. ही भिंत माशाच्या आकाराची आहे. पावसाळ्यात कृष्णेला पूर आला की पाण्याचा लोंढा त्या निमुळत्या टोकावर आपटून दोन्ही अंगांना फुटावा आणि देवळावरचा दाब कमी व्हावा, म्हणून गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये देऊळ बांधवून घेताना ती तशी घडवली गेली. सातारा जिल्ह्यातल्या कृष्णाकाठी पाहण्यासारखे जे जे आहे ते बहुतेक या भिंतीसारखेच आहे. त्याचे तोंड रस्त्याकडे असले तरी त्याचा अर्थ नदीकडे असतो. म्हणून हे खोरे गाडीतून पाहू नये. ते पायी पाहावे, आणि शक्य तेवढे पाण्याच्या बाजूने पाहावे, एवढ्याच हेतूने हे मार्गदर्शन लिहिले आहे.

या वाटा गिर्यारोहणाच्या नाहीत, हे आरंभीच सांगितलेले बरे. पांडवगड, वैराटगड, कमळगड आणि केंजळगड हे किल्ले याच खोऱ्याच्या कडेला उभे आहेत आणि चालताना ते सतत दिसत राहतात. पण त्यांची चढण ज्यांच्या गुडघ्यांना मानवत नाही, ज्यांच्याबरोबर सात-आठ वर्षांची मुले आहेत किंवा ज्यांना मुळात घाम गाळण्यापेक्षा थांबून पाहण्यात अधिक रस आहे, अशांसाठी नदीकाठची सपाट वाट आहे. आमच्या साताऱ्याच्या गटात सत्तरी ओलांडलेले दोघे आहेत. ते धोमपर्यंत आरामात चालतात, वाटेत दोनदा चहा मागतात आणि परतताना तक्रार करतात ती फक्त उन्हाची.

कधी निघावे

कृष्णा उगम पावते ती महाबळेश्वराच्या पठारावर, आणि तिथून वाईकडे उतरते तेव्हा तिच्या दोन्ही बाजूंना सह्याद्रीच्या सोंडा असतात. पावसाळी वारे पश्चिमेकडून येतात आणि आपले बहुतेक पाणी त्या उंच कड्यांवरच टाकून देतात. म्हणून महाबळेश्वराला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होत असला तरी अवघ्या तीसेक किलोमीटरवरच्या वाईत त्याचा लहानसा हिस्साच पडतो. परंतु यावरून पावसाळ्यात वाईचा नदीकाठ सुरक्षित असतो असा निष्कर्ष कोणी काढू नये. वाईत लख्ख ऊन पडलेले असतानाही वरच्या डोंगरांतले पाणी आणि बलकवडी व धोम या धरणांतून सोडलेले पाणी काही तासांत पात्र भरून टाकते. जून ते सप्टेंबर घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर उतरणे टाळावे, आणि इतर ऋतूंतही आवर्तन, म्हणजे शेतीसाठी धरणातून ठरावीक काळाने सोडले जाणारे पाणी, सुरू आहे का हे काठावर कपडे धुणाऱ्या बायकांना किंवा मोटारीपाशी बसलेल्या शेतकऱ्याला विचारावे. त्यांच्याइतकी ताजी माहिती दुसऱ्या कोणाकडे नसते.

चालण्यासाठी सर्वांत चांगला काळ म्हणजे कोजागिरीपासून होळीपर्यंतचा. कोजागिरीनंतर चिखल वाळतो, पात्रातले गढूळ पाणी निवळते आणि सकाळी नदीवरून धुक्याचा पातळ पट्टा सरकत असतो. डिसेंबर-जानेवारीत उसाची तोडणी जोरात असते, त्यामुळे काही पाणंदी ऊस भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी अडलेल्या असतात. त्याचबरोबर तोडलेल्या उसामुळे पुढचे दिसू लागते, ही त्याची जमेची बाजू आहे. उभा ऊस असताना नदी दहा पावलांवर असूनही दिसत नाही. माघ आणि फाल्गुनात वाईच्या एकेका घाटावर पाळीपाळीने कृष्णाबाईचा उत्सव असतो. त्या दिवसांत घाटावर मांडव, आरत्या आणि प्रसादाच्या पंगती असतात. शांतता हवी असेल तर ते दिवस टाळावेत. गाव कसे नदीला आई मानून जगते हे पाहायचे असेल तर तेच दिवस निवडावेत. होळीनंतर मात्र सकाळी दहाच्या आतच चालणे संपवावे, कारण काळ्या दगडाचे घाट त्यानंतर तव्यासारखे तापतात आणि देवळात शिरताना पादत्राणे काढावी लागतातच.

वाई ते धोम : मुख्य वाट

वेळ एकाच वाटेपुरता असेल तर हीच निवडावी. अंतर साधारण आठ-नऊ किलोमीटर आहे, चढ जवळजवळ नाही आणि रमतगमत पाच तास पुरतात. खोरे ढोबळमानाने पश्चिमेकडून पूर्वेकडे उतरते. म्हणून सकाळी वाईहून धोमच्या दिशेने, म्हणजे नदीच्या उलट, चालावे. सूर्य पाठीमागे राहतो, समोरचे डोंगर उजळलेले दिसतात आणि डोळ्यांवर ऊन येत नाही. धोमहून वाईकडे चालत येणारे सकाळभर कपाळावर हात धरून चालतात, हे आम्ही स्वतः एकदा करून पाहिले आहे.

सूर्योदयाच्या सुमारास गणपती आळीच्या घाटावर पोहोचावे. वाईचे सात घाट त्या त्या आळीच्या नावाने ओळखले जातात : गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी आणि भीमकुंड आळी. सगळे पाहण्याचा हट्ट नको, पण गणपती आळीपासून दोन्ही दिशांना थोडे चालले की घाट हे सजावटीसाठी नव्हे तर वापरासाठी बांधलेले असतात हे कळते. पायऱ्यांची उंची पाण्याचा घडा घेऊन चढणाऱ्या माणसाच्या पावलाला बेतलेली आहे, मध्येमध्ये बसायला रुंद टप्पे आहेत, आणि पुराची पातळी चढत गेली तरी वापरता येईल असा एखादा तरी टप्पा वर शिल्लक राहतो.

ढोल्या गणपतीची मूर्ती एकाच दगडातली, सुमारे दहा फूट उंच आणि ऐसपैस बसलेली आहे. ‘ढोल्या’ हे नाव तिच्या आकारावरून पडले. दर्शन झाल्यावर पाठीमागची मत्स्याकार भिंत अवश्य पाहावी. जवळच काशीविश्वेश्वराचे देऊळ आहे. ते आनंदराव भिकाजी रास्ते यांनी १७५७ मध्ये बांधले. त्याच्या अंगणातला नंदी गुळगुळीत काळ्या दगडाचा असून त्याच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा आणि पाठीवरची झूल इतक्या बारकाईने कोरलेली आहे की लहान मुले हात लावल्याशिवाय राहत नाहीत. रास्ते घराण्याचा पेशव्यांशी असलेला संबंध येथे ध्यानात घ्यावा. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई या याच घराण्यातल्या. अठराव्या शतकात वाईला एकामागून एक देवळे आणि घाट का उभे राहिले, याचे एक कारण या नात्यात आहे. त्याआधी वाई हे आदिलशाहीचे ठाणे होते आणि १६५९ मध्ये प्रतापगडाकडे जाण्यापूर्वी अफजलखानाचा तळ येथेच होता, हेही अनेकांना ठाऊक नसते. ज्यांना पुस्तकांची ओढ आहे त्यांनी वाईत मराठी विश्वकोशाचे कार्यालय आणि १९१६ मध्ये स्थापन झालेली प्राज्ञपाठशाळा आहे हे लक्षात ठेवावे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी विश्वकोशाचे काम याच गावातून चालवले.

वाईतून मेणवलीकडे निघताना एक गोष्ट स्पष्ट असावी : नदीकाठाने पाट्या लावलेली, बांधून काढलेली सलग पायवाट येथे नाही. काही अंतर गावरस्त्याने, काही शेतांमधल्या पाणंदीने आणि काही प्रत्यक्ष काठाने असे चालावे लागते. पाणंद संपून पुढे उभे पीक दिसले तर त्यातून घुसू नये. बांधावर कोणी असेल त्याला ‘दादा, नदीकडं वाट आहे का?’ एवढे विचारावे. सहसा वाट दाखवली जाते आणि बऱ्याचदा कुठून आलात याची चौकशीही होते. हळदीच्या आणि उसाच्या शेतांना मोकाट पाणी दिलेले असेल तर बांध निसरडे होतात, म्हणून गुळगुळीत तळव्याच्या चपला नकोत. जाड तळव्याचे, घोटा झाकणारे साधे बूट पुरेत. ऊस आणि गवताच्या कडेला घोणस असू शकते. पुढे चालणाऱ्याने हातातली काठी जमिनीवर आपटत जावे आणि पाऊल टाकण्यापूर्वी जागा पाहावी.

या पट्ट्यात थांबून पाहण्यासारखे बरेच असते. काठावर करंज, उंबर, जांभूळ आणि वाळुंज ही झाडे आहेत. वाळुंजाची मुळे काठाची माती धरून ठेवतात, आणि जिथे ती तोडली गेली आहेत तिथे काठ कसा ढासळला आहे ते एका नजरेत दिसते. उथळ पाण्यात बगळे आणि शराटी चरत असतात, वाऱ्याने हलणाऱ्या फांदीवर खंड्या निश्चल बसलेला असतो आणि हिवाळ्यात दगडांवरून शेपूट हलवत धोबी धावतात. पात्रातले खडक काळे आहेत. तो दख्खनच्या लाव्हाचा बेसाल्ट आहे, आणि भोवतालच्या डोंगरांच्या कडांना ज्या आडव्या पायऱ्या दिसतात त्या लाव्हाच्या एकावर एक साचलेल्या थरांच्या आहेत. पाचगणीच्या माथ्यावरचा लालसर जांभा याच बेसाल्टाची दीर्घकाळ झीज होऊन तयार झाला. घाटांचा आणि देवळांचा दगड लांबून आणलेला नाही, तो याच डोंगरांचा आहे; म्हणूनच संध्याकाळच्या उजेडात घाट कुठे संपला आणि खडक कुठे सुरू झाला हे ओळखू येत नाही.

मेणवली वाईपासून सुमारे तीन किलोमीटर आहे. येथे निदान दीड तास काढावा. नाना फडणवीस म्हणजे बाळाजी जनार्दन भानू यांना हे गाव १७६८ च्या सुमारास इनाम मिळाले आणि त्यांनी येथे वाडा, घाट आणि दोन देवळे बांधली. बहुतेक लोक वाड्याच्या दारातून आत शिरतात आणि मागच्या बाजूने घाटावर येतात. आमचा सल्ला उलटा आहे : आधी नदीच्या बाजूने घाटावर जावे, खालच्या पायरीवर बसावे आणि मग वर पाहावे. घाटाची रचना चंद्रकोरीसारखी वळलेली आहे, त्यामुळे पाण्यापाशी बसलेल्या माणसाला पायऱ्या दोन्ही हातांनी कवेत घेतल्यासारख्या वाटतात, आणि मेणेश्वराचे व विष्णूचे देऊळ वर नेमके दोन बाजूंना दिसते. वाड्याची उंच मागची भिंत आणि वडाच्या पारंब्या यांच्यामधून हा सगळा देखावा एकाच चौकटीत बसतो. चित्रपटवाल्यांनी हा घाट वारंवार का वापरला हे येथे बसल्याशिवाय कळत नाही. चित्रीकरण चालू असेल त्या दिवशी घाटावर जाऊ देत नाहीत, तेव्हा गावात आधी चौकशी केलेली बरी.

मेणेश्वराच्या देवळासमोरच्या छोट्या घुमटीत एक मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर बाळाला घेतलेली मेरी कोरलेली आहे आणि १७०७ हे वर्ष आहे. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून मराठ्यांनी आणल्या आणि निरनिराळ्या देवळांना दिल्या. भीमाशंकरासारख्या देवळातही अशी घंटा आहे. शंकराच्या दारात मेरीचे चित्र असलेली घंटा इतका काळ टांगलेली आहे आणि कोणी ते चित्र घासून काढलेले नाही, ही गोष्ट मुलांना सांगावी. ती जोरजोराने वाजवून पाहण्याचा मोह मात्र आवरावा.

वाडा खासगी मालकीचा आहे. म्हणून दारात जो कोणी असेल त्याची परवानगी घ्यावी, जे शुल्क सांगितले जाईल ते द्यावे आणि ज्या दालनांना कुलूप आहे तिथे उघडण्याचा आग्रह धरू नये. चौकांमागून चौक, जुने सागवानी काम आणि काही भिंतींवरची रंगवलेली चित्रे पाहायला मिळतात. ही चित्रे नाजूक झाली आहेत. फ्लॅश वापरून छायाचित्रे काढू नयेत आणि भिंतीला पाठ टेकू नये. नानांचे दप्तर या वाड्यात राहिले आणि पुढे ‘मेणवली दप्तर’ या नावाने मराठ्यांच्या इतिहासाचे एक मोठे साधन ठरले. पुण्यातला कारभार चालवणाऱ्या माणसाने आपले कागद नदीकाठच्या या लहानशा गावात ठेवले, ही बाब वाड्याच्या ओसरीवर बसून थोडा वेळ मनात घोळवण्यासारखी आहे.

मेणवलीजवळच्या भोगावात वामन पंडितांची समाधी आहे. ‘सुश्लोक वामनाचा’ ही उक्ती शाळेत ऐकलेल्यांनी दहा मिनिटे वाट वाकडी करावी. तिथे गर्दी नसते.

मेणवली ते धोम ही चाल दीड ते दोन तासांची आहे. या भागात सावली कमी आणि रस्ता अधिक, म्हणून कंटाळा येण्याची शक्यता येथेच असते. लहान मुले किंवा थकलेले ज्येष्ठ बरोबर असतील तर हा टप्पा रिक्षाने किंवा जीपने करण्यात कमीपणा मानू नये. आम्ही तसे दोनदा केले आहे. पायी जाणाऱ्यांनी प्रत्येकी किमान दोन लिटर पाणी, टोपी आणि खाण्यासाठी काही कोरडे बरोबर ठेवावे. भाकरी, ठेचा आणि गुळाचा खडा यांच्या तोडीचा डबा अजून कोणी काढलेला नाही. नदीचे पाणी कितीही नितळ दिसले तरी पिऊ नये.

धोम हे गाव धौम्य ऋषींच्या नावाशी जोडले जाते. येथील देवालये पुण्याचे सावकार महादेव शिवराम यांनी १७८० च्या सुमारास बांधली. नृसिंहाचे देऊळ उंच चौथऱ्यावर आहे. पण ज्यासाठी इथपर्यंत चालत यावे ती गोष्ट महादेवाच्या देवळासमोर आहे. तिथे कमळाच्या आकाराचा दगडी हौद आहे, त्या हौदाच्या मध्यभागी एक मोठे दगडी कासव आहे आणि कासवाच्या पाठीवर नंदीचा मंडप उभा आहे. हौदात पाणी भरले की कासवाचे पाय झाकले जातात आणि नंदी पाठीवर घेऊन कासव तरंगत असल्यासारखे दिसते. हौद कोरडा असेल तेव्हा पाकळ्यांच्या कडा आणि कासवाच्या पायांची घडण नीट पाहता येते. दोन्ही अवस्थांत पाहिलेल्यांचे मत असे की आधी कोरडा पाहावा आणि नंतर भरलेला. वाईच्या मत्स्याकार भिंतीपासून निघालेला माणूस येथे कासवापाशी पोहोचतो. या खोऱ्यातल्या पाथरवटांना पाण्यातले प्राणी नीट ओळखीचे होते, असे आमच्या गटातल्या एका निवृत्त शिक्षकांचे म्हणणे असते, आणि ते खोडून काढणारे कोणी अजून भेटलेले नाही.

देवळांच्या पलीकडे धोम धरणाची भिंत आणि तिच्यामागे पसरलेला जलाशय आहे. धरणाच्या भिंतीवर परवानगीशिवाय जाऊ नये आणि जलाशयात पोहू नये. वरून शांत दिसणाऱ्या पाण्याखाली बुडालेली शेते, विहिरी आणि गाळ असतो. पोहता येणारे लोक अशाच ठिकाणी बुडतात. परतण्यासाठी एस.टी. आहे, पण ग्रामीण फेऱ्या थोड्या असतात. सकाळीच वाई बसस्थानकाच्या चौकशी खिडकीवर परतीची वेळ विचारून घ्यावी आणि ती चुकल्यास वडापची, म्हणजे माणसे भरून धावणारी खासगी, जीप मिळेल एवढी तयारी ठेवावी.

लिंब : बारा मोटांची विहीर आणि नदी

दुसरी वाट अर्ध्या दिवसाची आहे आणि साताऱ्यात राहणाऱ्यांना अधिक सोयीची. साताऱ्याहून पुण्याच्या दिशेने महामार्गाने दहा-बारा किलोमीटर गेल्यावर लिंबकडे फाटा लागतो. शेरी लिंब येथील बारा मोटांची विहीर शके १६४१ ते १६४६, म्हणजे १७१९ ते १७२४ या काळात, थोरल्या शाहू महाराजांच्या परिवारातल्या विरूबाईंनी बांधवली. तसा शिलालेख तिथे आहे. विहीर अष्टकोनी असून तिला आयताकृती जोड आहे, त्यामुळे वरून पाहिल्यास शिवलिंगाचा आकार दिसतो. दोन्हींच्या मधल्या भागात चक्क एक छोटा महाल आहे. पायऱ्या उतरून, दाराच्या कमानीखालून जाऊन, पाण्याच्या वर बांधलेल्या त्या दालनात शिरले की उन्हाळ्यातही गारवा जाणवतो. खांबांवरची शिल्पे आणि भिंतीवरचे शरभ, म्हणजे सिंहासारखे काल्पनिक पशू, पाहावेत, पण कठड्यावर बसून छायाचित्रे काढू नयेत. विहीर सुमारे ११० फूट खोल सांगितली जाते.

ही विहीर केवळ ‘सुंदर’ म्हणून पाहून परत येणाऱ्यांचे नुकसान होते, म्हणून तिचे काम समजून घ्यावे. विहिरीच्या काठावर मोटा लावण्याच्या जागा आहेत. मोट म्हणजे चामड्याची मोठी पिशवी. तिला जाड दोर म्हणजे नाडा आणि तिच्या सोंडेला बारीक दोर म्हणजे सोंदूर असे. बैल धावेवरून, म्हणजे उतरत्या वाटेवरून, खाली गेले की भरलेली मोट वर येई, सोंदुराच्या ओढीने तिचे तोंड उघडे आणि पाणी थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या दगडी कुंडात, पडून पाटाने मळ्यांकडे जाई. बारा मोटा एकाच वेळी चालवायच्या तर बारा बैलजोड्या, बारा मोटकरी आणि तेवढ्या सगळ्यांना पुरेल एवढा झरा हवा. वरून फिरताना थारोळ्यांच्या आणि चाकांच्या खाचा शोधाव्यात. आजीआजोबा बरोबर असतील तर त्यांना मोटेवरची गाणी आठवतात का ते विचारावे. तिथे उभे राहून ती गाणी ऐकण्यासारखा मार्गदर्शक दुसरा नाही.

विहिरीपासून लिंब गावातून नदीकडे चालत जावे. गावाच्या घाटावर आणि पुढे कोटेश्वराच्या देवळापाशी कृष्णा रुंद व संथ आहे. येथे दुपारी येण्यापेक्षा सकाळी यावे, कारण सुट्टीच्या दिवशी अकरानंतर विहिरीवर इतकी गर्दी होते की शिलालेख वाचायलाही रांग लावावी लागते. विहिरीत आणि जुन्या झाडांवर आग्या मोहोळ दिसल्यास आवाज, धूर आणि अत्तर या तिन्ही गोष्टी टाळून मुकाट्याने मागे फिरावे.

माहुली : जिथे वेण्णा मिळते

तिसरी वाट चालण्यापेक्षा रेंगाळण्याची आहे. साताऱ्यापासून पाचेक किलोमीटरवर वेण्णा कृष्णेला मिळते. पुराणकथेनुसार सावित्रीच्या शापाने विष्णू कृष्णा झाला, शिव वेण्णा झाला आणि ब्रह्मदेव ककुद्मती म्हणजे कोयना झाला. म्हणून माहुलीचा संगम हा हरिहरांचा मानला जातो. गुरू कन्या राशीत आला की कृष्णेवर कन्यागताचे पर्व असते. ते बारा वर्षांनी येते आणि मागचे २०१६ मध्ये होते.

नदीच्या पश्चिमेला संगम माहुली आणि पूर्वेला क्षेत्र माहुली अशी दोन गावे आहेत. संगम माहुलीचे विश्वेश्वराचे देऊळ श्रीपतराव प्रतिनिधींनी १७३५ मध्ये बांधले. पलीकडच्या काठावर परशुराम नारायण अनगळ यांनी बांधलेले रामेश्वराचे देऊळ आणि त्याचा उंच घाट आहे. आधी संगम माहुलीच्या घाटावरून पलीकडचे रामेश्वर पाहावे, मग पुलावरून चालत क्षेत्र माहुलीला जाऊन तिथून अलीकडचे विश्वेश्वर पाहावे. दोन्ही देवळे परस्परांना पाहण्यासाठी बांधल्यासारखी आहेत. पात्र ओलांडण्याचा विचारही करू नये. पाणी गुडघाभर दिसले तरी मध्ये डोह आहेत आणि दगडांवर शेवाळ आहे. या लेखकाने पाय मोडला नाही तो केवळ शेजारी उभ्या असलेल्या कोळ्याने दंड धरला म्हणून.

माहुली ही छत्रपती घराण्याची अंत्यसंस्काराची जागा आहे. १७४९ मध्ये निधन पावलेल्या शाहू महाराजांची समाधी येथे आहे, आणि मोगलांच्या कैदेतून १७१९ मध्ये सुटून आलेल्या महाराणी येसूबाईंची समाधीही माहुलीत आहे. शाहू महाराजांना वाघापासून वाचवणाऱ्या खंड्या नावाच्या कुत्र्याचेही स्मारक दाखवतात. मुले सर्वांत जास्त वेळ तिथेच थांबतात. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे याच गावचे. समाध्यांचे चौथरे बसायचे ओटे नाहीत, हे सांगायची वेळ येऊ नये. पण ती येते. आजही घाटाच्या काही भागात दहनविधी आणि दशक्रिया चालतात. तिथे कुटुंबे असतील तर कॅमेरा पिशवीत ठेवून लांबून जावे.

ज्यांना आणखी पुढे जायचे आहे त्यांनी कराडचा प्रीतिसंगम गाठावा. तिथे कृष्णा उत्तरेकडून आणि कोयना दक्षिणेकडून समोरासमोर येऊन भिडतात आणि काटकोनात वळून पूर्वेला निघतात. दोन नद्या अशा तोंडासमोर मिळणे विरळा, म्हणून संगमाच्या टोकाशी उभे राहून दोन्ही प्रवाहांच्या पाण्याचा रंग वेगळा दिसतो का ते पाहावे. यशवंतराव चव्हाणांची समाधी, कृष्णाबाईचे देऊळ आणि घाट एकाच फेरीत पायी होतात, आणि वाट फरसबंदीची असल्याने चाकाची खुर्ची वापरणाऱ्यांनाही समाधीपर्यंतचा बराच भाग पाहता येतो.

माहुलीहून साताऱ्याकडे परतायला शहराच्या बस आणि रिक्षा मिळतात. संध्याकाळी घाटावर थांबायचे असेल तर एक छोटा टॉर्च जवळ ठेवावा, कारण वरच्या पायऱ्यांची उंची सारखी नाही आणि अंधार पडताच डास पाण्यावरून उठून थेट घोट्यांवर येतात.